खिएमच्या हाताची चव

"माझा नवरा आजारी आहे," लान्ह म्हणाली. "कुठे आहे ते ठाऊक नाही. पण फार आजारी आहे. त्याला शोधून द्या, ताई. उशीर व्हायच्या आत."

क्वेबाईंनी चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. समोर बसलेल्या बाईने चाळिशी नुकतीच ओलांडली होती. अंगातला सदरा धुवून धुवून विटलेला, पण कडक इस्त्रीचा. केस नीट विंचरून बांधलेले. घरातून निघताना नवरा भेटेल या तयारीनेच ती निघाली असावी.

"कुठे आहे ते ठाऊक नाही, मग आजारी आहे हे कशावरून?"

लान्हने पिशवीतून दोन बाटल्या काढून मेजावर ठेवल्या. "ही गेल्या तेतची, नव्या वर्षाच्या सणाची. ही यंदाची. चाखून बघा."

दोन्ही बाटल्यांत न्युओक माम होतं. फान थिएतमध्ये ते नाही असं घर नाही. मांदेली आणि मीठ लाकडी पिंपात भरायचं, वर दगड ठेवायचे, वर्षभर वाट पाहायची आणि खाली झिरपलेला रस धरायचा. निम्मं गाव त्याच्यावरच जगतं.

क्वेबाईंनी दोन्हींचा एकेक थेंब जिभेवर ठेवला आणि बाटल्या लोईकडे सरकवल्या. लोई मोटारसायकलवरून उतारू नेणारा गडी. हल्ली त्याच्या मागच्या सीटवर बहुतेक वेळा क्वेबाईच असत. सैगॉनच्या प्रयोगशाळेत प्रथिनांच्या मागे अर्धं आयुष्य घालवून त्या गावी परतल्या, तेव्हा लोक त्यांच्याकडे भेसळीचा माल तपासायला आणू लागले. पुढे हरवलेली माणसं आणि न सुटलेली भांडणंही येऊ लागली. लोई मात्र पहिल्या दिवसापासून होता.

"दोन्ही चांगली आहेत," लोई जीभ चाटत म्हणाला. "भात असता तर नीट सांगता आलं असतं."

"यंदाचं त्याचं नाही," लान्ह म्हणाली. "म्हणजे त्याचंच आहे, पण हातात जोर राहिलेला नाही. गोडवा जिभेवर येतो आणि लगेच पळतो. आधी तो गळ्यात उतरून बसायचा."

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा खिएम हा नदीकाठच्या पिंपघराचा थोरला मालक. एक्याऐंशी साली, तिसऱ्या चांद्रमासात, तो होडीने देश सोडून गेला. युद्धानंतरच्या त्या वर्षांत अशा होड्या चोरून निघतच. लान्हही जाणार होती, पण तान्ही पोर तापाने फणफणली. 'मी पुढे होतो, मग तुम्हाला बोलावतो,' असं म्हणून तो गेला. निरोप आला नाही. त्या होडीतल्या कुणाचाच आला नाही.

"मी जेवण टाकलं. अंगावरचं दूध आटलं. पोरगी रडून रडून थकायची. आणि तेतच्या आदल्या पहाटे दारात केळीच्या पानात गुंडाळलेली बाटली. चिठ्ठी नाही, काही नाही. बूच काढलं आणि वासावरूनच कळलं. तो पिंपात भाजलेला तांदूळ घालायचा. त्याच्यासारखा तांदूळ कुणाला भाजता येत नाही, जरा पुढे गेला की कडू होतो. मी भात शिजवला, त्यावर तो रस घातला आणि जेवले."

"आणि तेव्हापासून दर तेतला?"

"दर तेतला. म्हणजे तो परत आला असणार, ताई. पकडतील म्हणून दुसऱ्या नावाने कुठेतरी राहत असणार. फु क्वोक बेटावर नाहीतर आणखी कुठे. आता कुणी पकडत नाही, हे त्याला कोण सांगणार?"

"त्याने जायच्या आधी भरलेलं पिंप असेल ना एखादं? रस त्यातला नाही हे नक्की?"

"नऊ नंबरचं होतं. ते नासलं. थुआनभाऊजींनी, माझ्या दिरांनी, नदीत ओतून दिलं. त्यांनीच मला तसं सांगितलं."

क्वेबाईंनी मान डोलावली. "उद्या तुझ्या घरी येते. जुन्या बाटल्या ठेवल्या असशील."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी असते तर ठेवल्या असत्या."

*

लान्हच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळ फळी होती आणि फळीवर बाटल्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीत तळाला बोटभर रस. वर्षभर ती थेंब थेंब वापरायची, पण कुठलीच बाटली तिने पुरती रिकामी केली नव्हती.

क्वेबाईंनी एकेक बाटली उजेडात धरली. सगळ्यांचा रस काळसर तपकिरी. सगळ्यांच्या तळाला पांढरट, रेशमाच्या तुसांसारखं काहीतरी. फक्त यंदाची स्वच्छ होती.

"ही पहिली बाटली आली तेव्हा अशीच होती?"

"नाही. मधासारखी होती, आरपार दिसायचं. काळी पडली ती इथे, फळीवर. कणही इथेच धरले."

"आणि गेल्या वर्षीची?"

"ती आली तीच काळी. आली तेव्हाच कणही होते. गेली पाच-सहा वर्षं असंच. दर वर्षी जास्त काळी, जास्त कण." लान्हने बाटलीच्या गळ्यावरून बोट फिरवलं. "मला वाटलं, त्याचे डोळे गेले असतील. आता त्याला नीट गाळता येत नसेल. मी इथे बसून त्याचं म्हातारपण बघत होते, ताई. केस पिकले असतील, पाठ दुखत असेल. बाजूला कुणी असेल की नसेल. असली तर असू दे, असंही वाटायचं. रात्री पाणी द्यायला तरी कुणी हवं."

लोईने मान वळवून बाहेर पाहिलं. क्वेबाईंनी नमुने भरून घेतले आणि त्या निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी परसातल्या पडवीत काचनळ्या मांडल्या. गेल्या वर्षीच्या रसातले कण पाण्यात टाकून हलवले. ते तसेच राहिले.

"मीठ नाही," लोई म्हणाला.

"मीठ असतं तर विरघळलं असतं." त्यांनी दुसऱ्या नळीत कास्टिक सोड्याचं पाणी ओतलं. कण दिसेनासे झाले. "टायरोसीन. हे बघ लोई, प्रथिन म्हणजे जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी ओवतात ना, तशी माळ. मणी म्हणजे अमिनो आम्लं. वीस तऱ्हांचे मणी. ते कुठल्या क्रमाने ओवले त्यावर ठरतं, की माळेचा मासा होणार, कोंबडी होणार की तू. पिंपात माशाच्या पोटातले पाचकरस त्या माळेच्या गाठी एकेक करून सोडवतात. मणी सुटे होतात आणि रसाला चव येते. त्यातला हा टायरोसीन पाण्यात फारसा विरघळत नाही. अगदी सावकाश तळाला जाऊन बसतो."

"आणि यंदाच्यात तो बसलाच नाही."

"यंदाच्यात आणखी काहीतरी वेगळं आहे."

त्यांनी दोन नळ्यांत दोन वर्षांचा रस पातळ करून घेतला, त्यात एका औषधाचे थेंब टाकले आणि नळ्या तिरप्या धरून कडेने जहाल आम्ल हलकेच सोडलं. गेल्या वर्षीच्या नळीत, जिथे दोन थर भेटले तिथे, जांभळं कडं उमटलं. यंदाच्या नळीत कडं असं काही दिसेना. फार निरखून पाहिल्यावर पुसट लाली दिसली.

"हे जांभळं ट्रिप्टोफॅनचं," त्या म्हणाल्या. "वीस मण्यांतला सगळ्यात नाजूक. पाचकरस गाठी सोडवतात, त्यात त्याला धक्का लागत नाही. पण सोयाबीनचा चोथा आम्लात उकळला की माळ एका दिवसात तुटते आणि हा मणी मात्र फुटून जातो. सैगॉनचे कारखाने असाच अर्क करतात. गोड लागतो, लगेच."

"आणि लगेच पळतो." लोई विचारात पडला. "म्हणजे यंदाच्या बाटलीत थोडं खरं माम आणि बराचसा कारखान्याचा अर्क. पण खिएमसारखा माणूस असलं पाणी कशाला घालेल?"

"तेच विचारायला जायचंय," क्वेबाई म्हणाल्या. "पण आधी ज्याच्याबद्दल विचारायचं तो माणूस कसा होता, ते कळू दे."

*

खिएमचं लग्नाआधी दिएपशी नाव जोडलं जाई. दिएप अजून मुई नेच्या रस्त्यावर शिवणकाम करत होती आणि एकटी होती. लोईचा संशय तिच्यावरच होता.

"बाटल्या?" दिएपने शिवणयंत्र थांबवलं नाही. "मला कुणी बाटली पाठवली असती, तर मी गावभर सांगत फिरले नसते. लपवून ठेवली असती."

"म्हणजे तुम्हाला आली नाही."

"कुणी पाठवायची?" तिचा पाय यंत्रावर थबकला. "तो गेला, दादा. मला ते तेव्हाच कळलं होतं. जिवंत असता तर लान्हला असा तिष्ठत ठेवणारा तो नव्हता. मला ठेवलं नाही. तोंडावर येऊन सांगितलं, 'दिएप, मी तिच्याशी लग्न करतोय.' एवढं खरं बोलणाऱ्याचा राग तरी कसा धरायचा?"

"पाण्याची भीती होती का त्याला?" क्वेबाईंनी विचारलं.

"खिएमला?" ती पहिल्यांदा हसली. "काठावरच्या निम्म्या पोरांना त्याने पोहायला शिकवलं. मलाही. एकटा थुआन तेवढा शिकला नाही. आम्ही सगळे पाण्यात आणि तो काठावर आमचे कपडे सांभाळत बसलेला. भावाने किती समजावलं, पण गुडघ्याच्या पुढे पाण्यात उतरला नाही."

परतीच्या वाटेवर लोई म्हणाला, "ही नाही."

"का?"

"तिला अर्क घालायची गरजच काय? तिच्याकडे मुळात खरा रस कुठून येणार?"

"वा," क्वेबाई म्हणाल्या. "आज जेवायच्या आधीच डोकं चालायला लागलं तुझं."

*

पिंपघरात नाकाला रुमाल लावावा असा वास होता, पण त्याचं तिथे कुणालाच काही वाटत नव्हतं. थुआन नदीवर गेला होता. पिंपांवर देखरेख करणारे मुओईकाका एका पिंपाच्या तोटीखाली वाडगा धरून बसले होते. खिएमच्या बापाच्या वेळेपासून ते इथेच होते.

"नऊ नंबर नासलं?" मुओईकाकांनी वाडगा खाली ठेवला. "कोण म्हणतो? मी स्वतः तोटी सोडून चाखलं होतं. मधासारखा रस. थोरल्याचं शेवटचं पिंप आणि असं साधलं होतं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"मग त्याचं काय झालं?"

"मी तेतसाठी गावी गेलो. आलो तर पिंप धुवून पालथं घातलेलं. विकलं असेल म्हटलं. मालकाचा माल, आपण कोण विचारणारे."

"धाकटे मालक कसे आहेत कामाला?"

"मेहनती. थोरल्याचा हात मात्र नाही. दर वर्षी एक पिंप ते एकट्याने भरतात, भाजका तांदूळ घालून. मला हात लावू देत नाहीत. दर वर्षी चाखतात आणि तोंड पाडून बसतात." काका डोळे मिचकावत म्हणाले, "समुद्राची मासळी विकणारा हा असा मालक, की टोपलीहोडीत बसायचं म्हटलं की पाय लटपटतात. अख्ख्या आयुष्यात एकदा लांब गेला, तो मिठागरांच्या 'का ना' गावाला, मीठ आणायला. आणि आला बिनमिठाचा."

"बिनमिठाचा?"

"थोरला गेला ना, त्याच आठवड्यात. दोन आठवड्यांनी परतला. मीठ नाही, पैसे नाहीत, पाठ उकडलेल्या कोळंबीसारखी सोललेली. मीठ शेवटी शेजाऱ्याकडून उसनं घेतलं आम्ही. तेव्हा थोरल्याचं दुःख होतं, कोण विचारतं मिठाला?"

"पिंपघर कधी बंद असतं का हो, काका?"

"तेतला असतं. आणि तिसऱ्या महिन्यात एक दिवस. धाकट्यांच्या सासऱ्याचं श्राद्ध असतं."

तेवढ्यात थुआन आला. उंच, खांदे पडलेला, चाळिशीतच म्हातारा दिसणारा माणूस. लान्हचं नाव काढताच तो उभा होता तिथेच थबकला.

"वहिनी कशा आहेत?"

"तुमचा भाऊ आजारी आहे म्हणतात. यंदाचा रस बिघडला म्हणून," क्वेबाई म्हणाल्या.

"त्यांना कळलं?" थुआन म्हणाला आणि लगेच पुढे बोलला, "म्हणजे, त्यांची जीभ फार पारखी आहे. हल्ली बाजारात कारखान्याचं पाणी आलंय ना. मी ते या अंगणात येऊ देत नाही."

लोईला उभं राहून कंटाळा आला होता. तो भिंतीकडेच्या निळ्या डब्यावर बसला आणि लगेच उठला. विजारीला चिकट डाग लागला होता. त्याने बोट लावून हुंगलं. "सोयाबीन," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "ताई, माझी नवी विजार."

थुआनची बायको होआन आतून पाणी आणि फडकं घेऊन आली. "बघा, किती वेळा सांगितलं तो डबा फेका म्हणून. परवा माझ्या वडिलांना तंबाखू पाठवायला डबा शोधत होते, तर हा हाताला लागला. आत सगळं चिकट."

"वडील कुठे असतात?" क्वेबाईंनी विचारलं.

"निन्ह चूला. ऐंशी झाली, पण तंबाखूला एक दिवस उशीर झाला तर अजून शिव्या घालतात."

क्वेबाईंनी पाणी प्यायलं, पेला तिच्या हातात दिला आणि थुआनकडे पाहून म्हणाल्या, "रविवारी दुपारी वहिनींच्या घरी या. मला जे कळलंय ते तुमच्यासमोरच सांगेन."

 परतताना पुलावर लोईने मोटारसायकल थांबवली.

"सांगायलाच हवं का, ताई? तिचं बरं चाललंय. वाट बघते, जेवते, जगते."

"ती म्हणाली, उशीर व्हायच्या आत शोधून द्या." क्वेबाई पाण्याकडे पाहत होत्या. "गप्प राहिले, तर उद्या फु क्वोकला निघेल. दारोदार फिरेल. तिला वाटतंय, तो कुठेतरी एकटा मरतोय. तेवढं ओझं तरी उतरायला हवं."

*

रविवारी लान्हने चार खुर्च्या मांडल्या होत्या. थुआन दाराशीच उभा राहिला. होआन त्याच्याबरोबर आली नव्हती.

"लान्ह," क्वेबाई म्हणाल्या, "मी सांगते ते तुला आवडणार नाही. मध्ये थांबवावंसं वाटलं तर थांबव."

लान्हने हात मांडीवर घट्ट धरले. "सांगा."

"तू मला सांगितलंस, की पहिली बाटली आली तेव्हा मधासारखी होती आणि अलीकडच्या आल्या त्याच काळ्या, कणांसकट. खिएम दर वर्षी नवं पिंप भरत असता, तर दर वर्षीचा रस नवा असता. मधासारखा, स्वच्छ. कण धरायला आणि काळं पडायला वर्षं लागतात. तुझ्या फळीवर पहिल्या बाटलीचं जे झालं, तेच दुसरीकडे कुठेतरी, झाकलेल्या रांजणात, उरलेल्या रसाचं होत होतं. तू त्याचं म्हातारपण बघत नव्हतीस, लान्ह. एकाच पिंपाचं म्हातारपण बघत होतीस."

"नऊ नंबर तर नासलं."

"मुओईकाकांनी ते चाखलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते चांगलं होतं. मग नासलं असं तुला कुणी सांगितलं?"

लान्हची नजर सावकाश दाराकडे वळली. थुआन हलला नाही.

"ते पिंप थुआनने तुझ्यासाठी लपवलं," क्वेबाई पुढे म्हणाल्या. "विकायचं असतं तर विकलं असतं. त्याने दर वर्षी एक बाटली काढली. आणि रस कधीतरी संपणार हे ठाऊक असल्यामुळे दर वर्षी एक पिंप स्वतः भरलं, भावासारखा तांदूळ भाजून. ते काही जमलं नाही. यंदा रांजण संपला. मग स्वतःच्या मामला गोडवा यावा म्हणून कारखान्याचा अर्क घातला. जो अर्क 'मी अंगणात येऊ देत नाही' म्हणतो, त्याच्याच डब्यावर लोई बसला होता. यंदाच्या रसात जांभळं कडं धरेना, ते त्यामुळे."

"पण भाऊजींनी असं का करावं?" लान्हचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्यांना तर तो परत यायला हवा असंच वाटत असणार. सख्खा भाऊ."

"तो येणार नाही हे फक्त थुआनला ठाऊक होतं. त्या आठवड्यात हा मीठ आणायला गेला आणि बिनमिठाचा, सोललेल्या पाठीचा परत आला. मिठागरात मीठ नसतं असं कधी होत नाही. हा 'का ना'ला गेलाच नव्हता. त्याच होडीत होता." क्वेबाईंनी दाराकडे पाहिलं. "दर वर्षी तिसऱ्या महिन्यात हा एक दिवस पिंपघर बंद ठेवतो. म्हणतो, सासऱ्याचं श्राद्ध. सासरा निन्ह चूला बसून तंबाखू ओढतोय. मग श्राद्ध कुणाचं?"

 बाहेर कुणीतरी मासळी घ्या, मासळी घ्या असं ओरडत गेलं.

"एकच गोष्ट मला आधी सुटत नव्हती. दोघे भाऊ समुद्रात पडले. एकाने निम्म्या गावाला पोहायला शिकवलं, दुसऱ्याला पाण्याची भीती. मग परत आला तो न पोहणारा, हे कसं? याला एकच उत्तर आहे. तरंगायला जे काही होतं, ते ज्याला पोहता येत होतं त्याने दुसऱ्याला दिलं. ते काय होतं, थुआन, ते तुम्हीच सांगा."

थुआन दारातच खाली बसला.

"तेलाचा रिकामा डबा," तो म्हणाला. "इंजिन बंद पडलं, मग दुसऱ्या दिवशी होडी पाण्याने भरली. दादाने डबा माझ्या छातीशी बांधला, स्वतःच्या सदऱ्याने. रात्रभर एका हाताने मला धरून पोहत होता. बोलत होता. तुमच्याबद्दल, बाळाबद्दल. सकाळी मी हाक मारली, तर..." त्याने रिकामा हात उघडून दाखवला. "मला दुपारी कोळ्यांनी उचललं."

"पंधरा वर्षं," लान्ह म्हणाली.

"मी सांगायलाच आलो होतो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. बाळ रडत होतं. 'जेवा' म्हणायला मला तोंड नव्हतं, वहिनी. आणि मी होडीत होतो हे होआनलाही ठाऊक नव्हतं. मी तिला सोडून चाललो होतो. पुढे नऊ नंबरची तोटी सोडली आणि वाटलं, यातला रस तुमच्या घशाखाली उतरेल. तुम्ही जेवलात. पुढच्या तेतला वाटलं, यंदा सांगू. पण तुम्ही दारात नवा सदरा घालून उभ्या होतात."

लान्ह उठली. ती फळीजवळ गेली, पण बाटल्यांना हात लावला नाही. बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

"तुम्ही जा," ती शेवटी म्हणाली. "सगळेच जा."

*

महिनाभर तिने थुआनला दार उघडलं नाही. क्वेबाई दोनदा गेल्या. दोन्ही वेळा ती अंगणात कपडे धूत होती आणि हवापाण्याबद्दल बोलली.

होआनला थुआनने स्वतःच सांगितलं. ती आठ दिवस बापाकडे जाऊन राहिली, आणि परत आली तेव्हा नवऱ्याशी बोलण्याऐवजी मुओईकाकांशी बोलू लागली. काका म्हणाले, "माझ्यामार्फत भांडतात दोघं. पण भांडतात, म्हणजे चांगलं चाललंय."

तिसऱ्या चांद्रमासाच्या सुरुवातीला लान्ह क्वेबाईंच्या दारात उभी राहिली.

"मला तिथी हवी," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याचं श्राद्ध घातलं नाही. घालायचं तरी कुठल्या दिवशी? सगळ्यांच्या घरी माणसं गेली की दिवस तरी मागे राहतो. माझ्याकडे तोही नव्हता."

"तिथी माझ्याकडे नाही, लान्ह."

"ठाऊक आहे. विचारायला जाताना कुणीतरी बरोबर हवं."

त्या दिवशी क्वेबाई आणि लोई तिच्याबरोबर पिंपघरापर्यंत गेले आणि बाहेर थांबले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं नाही. लान्ह बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "चांद्रमासाची एकोणिसावी," ती म्हणाली. "सकाळी. सूर्य उगवून गेला होता म्हणे. मला वाटायचं, अंधारात गेला असेल."

एकोणिसाव्या तिथीला तिच्या घरी पहिल्यांदाच खिएमच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागली. तसबीर लग्नाच्या वेळची होती, तिशीही न गाठलेल्या माणसाची. लान्हची मुलगी, जी तेव्हा तापात होती, सैगॉनच्या शाळेतून आली होती. ती तसबिरीकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती. बाप आईपेक्षा इतका लहान दिसेल असं तिला वाटलं नसावं. दिएप आली, फुलं ठेवून मागच्या रांगेत बसली, आणि लान्हने तिला हाताला धरून पुढे आणलं.

पानं वाढली. मातीच्या भांड्यात आटवलेली मासळी, आंबट रस्सा, भात. थुआन सगळ्यांत शेवटी बसला होता आणि भाताच्या वाडग्याला त्याने हात लावला नव्हता. होआनने कोपराने ढोसलं तरी तो खाली मान घालून होता.

लान्ह उठली. तिने मासळीचा मधला तुकडा काढला, काटे वेगळे केले आणि त्याच्या वाडग्यात ठेवला.

"जेवा, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही उपाशी राहावं म्हणून त्याने तो डबा बांधला नव्हता."